समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया आतून का गंजतो?

जूनमध्ये हर्णैला मामाकडे गेले होते. बंदरावर व्हिडिओ काढत होते, तेवढ्यात एक लाट कठड्यावरून आली आणि फोनसकट मला भिजवून गेली. फोन आयपी६८ वाला, म्हणून मी निवांत. रात्री चार्जर लावला तर स्क्रीनवर इशारा: चार्जिंग पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा. आधी वैताग आला. मग आठवलं, माझ्या जुन्या फोनला एवढी अक्कल नव्हती. तोही असाच समुद्राच्या पाण्याने भिजला होता, मी तसाच रात्रभर चार्जिंगला लावला, आणि आठवड्याभरात पोर्टमधली एक पिन हिरवट-काळी पडून झिजून गेली. मोबाइल रिपेअरवाला म्हणाला होता, "खारं पाणी एकटं एवढं करत नाही हो. खारं पाणी आणि करंट एकत्र आले की धातू खातात."

(जाता जाता सांगते, आयपी६८ ची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्रात फोन घेऊन उतरणाऱ्यांनी बॉक्समधलं वॉरंटीचं बारीक अक्षर एकदा वाचावं.)

दुसऱ्या दिवशी मामाच्या बोटीकडे गेले. मासेमारी बंद होती, त्यामुळे बोट काठावर ओढून घेतलेली. मागे पंख्याजवळ, सुकाणूच्या लोखंडावर एक करडा ठोकळा बोल्टने बसवलेला दिसला. अर्धा खाल्लेला, खड्डे पडलेला, मुंग्या लागलेल्या गुळाच्या ढेपेसारखा. मी म्हटलं, "मामा, हे सडलंय बघ." मामा हसला. "अगं, तो सडायलाच लावलाय. जस्त आहे ते. ते खाल्लं जातंय तोवर लोखंडाला काही होत नाही. चकचकीत राहिलं असतं तर मला काळजी वाटली असती."

फोनची पिन आणि मामाचं जस्त, या दोन गोष्टी नीट कळल्या तर एका मोठ्या बातमीतला असा भाग कळतो, ज्यावर आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही.

टेंडर आलं, टेंडर गेलं

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी, म्हणजे ऑफशोअर विंडसाठी, ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. गुजरातसमोर ५०० मेगावॅट, तमिळनाडूसमोर ५०० मेगावॅट. यातले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. बाकीचे 'व्हायबिलिटी गॅप फंडिंग' म्हणून. म्हणजे वीज तयार करायला येणारा खर्च आणि परवडेल असा दर यांच्यात जी दरी आहे, ती सरकारी पैशातून भरायची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'सेकी' या सरकारी कंपनीने गुजरातच्या ५०० मेगावॅटचं टेंडर काढलं. पुरेसा प्रतिसाद आला नाही आणि २०२५ मध्ये ते रद्द झालं. तमिळनाडूसमोरच्या समुद्रतळाच्या जागा भाड्याने देण्यासाठी काढलेलं ४ गिगावॅटचं टेंडरही रद्द झालं.

त्यानंतरची चर्चा मी बरीच वाचली. युनिटचा दर किती पडेल, सोलर इतकं स्वस्त असताना हे कशाला, जहाजं कुठून आणणार, बंदरं तयार आहेत का. प्रश्न सगळे बरोबर आहेत. पण ज्या वस्तूवर हे सगळं पंचवीस वर्षं उभं राहायचंय ती पाण्याखाली असते, आणि पाण्याखालचं कुणाला दिसत नाही. टेंडर पुन्हा निघेल तेव्हा दर कमी दाखवायला कुठे काटछाट होऊ शकते, असं मला विचाराल तर मी आधी तिकडे बोट दाखवेन. युरोपात एकदा नेमकं तिथेच चुकलं होतं.

आधी पाया म्हणजे काय ते बघू

जगातली पहिली समुद्री पवनचक्क्यांची शेती डेन्मार्कमध्ये विंडेबीला १९९१ मध्ये सुरू झाली. ११ पवनचक्क्या, उथळ पाणी आणि काँक्रीटचे पाये. २०१७ मध्ये त्या काढूनही टाकल्या. पुढे पाणी खोल होत गेलं, पवनचक्क्या मोठ्या होत गेल्या आणि पोलादी पाये आले. आज युरोपातले बहुतेक पाये 'मोनोपाइल' प्रकारचे आहेत. मोनोपाइल म्हणजे समुद्राच्या तळात ठोकलेली एक अवाढव्य पोलादी नळी. आताच्या मोठ्या मोनोपाइलचा व्यास आठ-दहा मीटर, वजन हजार-दोन हजार टनांच्या घरात. तुमच्या बिल्डिंगमधला अख्खा वन बीएचके तिच्यात आडवा बसेल. नळीच्या वर एक जोडतुकडा बसवतात, फोटोंमध्ये जो पिवळाधमक दिसतो तो. रंग पिवळा, कारण जहाजांना तो दुरून दिसायला हवा.

आता ही नळी कुठे सगळ्यात जास्त गंजते? मला वाटायचं, जितकं खोल तितकं वाईट. उलट आहे. बंदरावरचा कुठलाही जुना लोखंडी खांब बघा. कायम पाण्यात असलेला भाग बऱ्यापैकी टिकलेला असतो, वरचा हवेतलाही ठीक असतो. मधल्या पट्ट्याचे मात्र पापुद्रे सुटलेले असतात. गंजायला पाणी लागतं, मीठ लागतं आणि भरपूर ऑक्सिजन लागतो. लाटांच्या तुषारांनी सतत ओला-कोरडा होणाऱ्या पट्ट्याला हे तिन्ही पोटभर मिळतं.

किती गंजतं याचे आकडे आहेत. डीएनव्ही ही नॉर्वेतली संस्था समुद्री बांधकामांचे नियम ठरवते. बिनरंगाच्या पोलादासाठी या पट्ट्यात थंड-समशीतोष्ण समुद्रात वर्षाला किमान ०.३ मिलिमीटर झीज धरा, असं ती सांगते. पंचवीस वर्षांचे झाले ७.५ मिलिमीटर, साधारण तुमच्या फोनच्या जाडीएवढं पोलाद गायब. उष्ण कटिबंधात, म्हणजे आपल्याकडे, आकडा ०.४ आहे. पंचवीस वर्षांत १० मिलिमीटर. कव्हर घातलेला फोन म्हणा.

उपाय दोन: इपॉक्सीचे जाड थर देऊन रंगवायचं, आणि झीज धरून पोलाद आधीच जास्त जाड घ्यायचं. रंग कारखान्यात चांगला बसतो. पण नंतर देखभालीची बोट येऊन घासते, क्रेनचा साखळदंड लागतो, आणि ओरखडा पडला की समुद्रात, लाटांमध्ये लटकून तो दुरुस्त करणं हा वेगळाच ताप आहे.

"एवढी जाड नळी, एक सेंटिमीटर गेलं तर काय बिघडलं?" हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असं की नुसती जाडी कमी होणं ही खरी भीती नाहीच. लोखंडाची तार हाताने तोडायची तर आपण काय करतो? इकडे-तिकडे वाकवत राहतो. पवनचक्की पंचवीस वर्षं तेच सोसते. पाती फिरतात, लाटा आदळतात आणि पाया कोट्यवधी वेळा किंचित वाकतो आणि सरळ होतो. कोरड्या हवेत पोलाद एक सवलत देतं: ताण एका मर्यादेच्या आत असला तर कितीही वेळा वाकवा, तडा जात नाही. गंजत्या खाऱ्या पाण्यात ही सवलत संपते. गंजाचा मिलिमीटरभर खड्डा पडतो, ताण नेमका त्या खड्ड्याच्या टोकाशी गोळा होतो, आणि तिथून तडा सुरू होतो. वेल्डिंगच्या सांध्याजवळ तर जास्तच. म्हणून पवनचक्कीच्या पायात खड्डा हा झिजेपेक्षा वाईट.

बळीचा बकरा आणि मिलिअँपिअरचा हिशोब

लोखंड गंजतं म्हणजे त्याचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात निघून जातात. त्याच लोखंडाला दुसरीकडून इलेक्ट्रॉन पुरवत राहिलं तर त्याला स्वतःचे द्यावे लागत नाहीत. मामाच्या बोटीवर जस्त हेच करत होतं. ते लोखंडापेक्षा उदार. आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं आणि स्वतः विरघळून जातं. इंजिनिअर याला बळी जाणारा ॲनोड म्हणतात. आपल्याकडे 'बळीचा बकरा' हा शब्द तयारच आहे. तुमच्या घरी टाकीवाला गीझर असेल तर त्यातही मॅग्नेशियमची अशीच एक कांडी असण्याची दाट शक्यता आहे. सर्व्हिसवाला "रॉड बदलायला लागेल" म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा तो या कांडीबद्दल बोलत असतो.

पवनचक्क्यांना जस्ताऐवजी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे लावतात. त्यात थोडं जस्त आणि चिमूटभर इंडियम असतं. किती लावायचे? फोनच्या भाषेत हिशोब करून बघू. बिनरंगाच्या पोलादाला उबदार समुद्रात सरासरी दर चौरस मीटरला साधारण ७० मिलिअँपिअर करंट धरतात. ८ मीटर व्यासाची नळी ३० मीटर पाण्यात उभी असेल, तर तिची बाहेरची बाजू सुमारे ७५० चौरस मीटर. म्हणजे ५३ अँपिअरच्या आसपास करंट, रात्रंदिवस. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-अवरची असेल, तर त्या हिशोबाने रोज अडीचशे बॅटऱ्या रिकाम्या होतील एवढा विद्युतभार. (व्होल्टेज इथे फोनपेक्षा खूप कमी असतं, त्यामुळे ऊर्जेची तुलना करू नका, फक्त चार्जची करा.)

एक किलो ॲल्युमिनियम ॲनोड प्रत्यक्षात सुमारे २,००० अँपिअर-अवर देतो. पंचवीस वर्षांचा गुणाकार करा आणि ठोकळा शेवटच्या कणापर्यंत वापरता येत नाही हे धरा, तर एका पायासाठी सातेक टन धातू लागतो. चिखलात गाडलेल्या भागाचा वेगळा. नळी आधी रंगवली तर आकडा बराच खाली येतो.

दुसरा मार्ग असा की इलेक्ट्रॉन धातू विरघळवून न देता सरळ वीज लावून द्यायचे. टायटॅनियमचा न झिजणारा ॲनोड पाण्यात सोडायचा आणि पोलाद वीजपुरवठ्याच्या निगेटिव्ह बाजूला जोडायचं. तुमच्या पोर्टमधली जी पिन खाल्ली जाते ती पॉझिटिव्ह बाजूची असते. इथे खेळ तोच, बाजू मुद्दाम उलटी. पोलादाचं व्होल्टेज एका ठरावीक इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८० व्होल्टच्या खाली ठेवायचं. फार खाली नेलं, उणे १.१ च्या पलीकडे, तर हायड्रोजन तयार होऊन काही प्रकारचं मजबूत पोलाद उलट ठिसूळ होऊ शकतं. म्हणजे औषधाचा डोसही सांभाळायचा.

आणि यातलं काहीही त्या तुषारांच्या पट्ट्यात चालत नाही. करंट वाहायला पाणी सलग हवं. तिथे रंग आणि जाडी, एवढंच हातात.

चकलीचा डबा

आता मुख्य गोष्ट. नळीची बाहेरची बाजू सगळ्यांच्या लक्षात होती. आतल्या बाजूचं काय?

सुरुवातीच्या अनेक मोनोपाइलच्या आत रंगही दिला नव्हता आणि ॲनोडही लावले नव्हते. कारण साधं आणि वरवर पटणारं होतं. नळी खाली चिखलात बंद, वर पोलादी डेकने बंद. आत साचलेलं पाणी तिथेच राहणार. त्यातला ऑक्सिजन थोडं लोखंड गंजवून संपून जाईल आणि मग गंजणं आपोआप थांबेल. घट्ट झाकणाच्या डब्यातली चकली मऊ पडत नाही, तसंच.

हा तर्क हवेतून आलेला नव्हता. समुद्रातल्या तेलविहिरींच्या प्लॅटफॉर्मचा अनुभव त्यामागे होता. त्या प्लॅटफॉर्मचे पाय पोलादी नळ्यांच्या जाळीचे असतात, आणि दोन्ही टोकांना वेल्डिंगने कायमच्या बंद केलेल्या नळ्यांमध्ये हा हिशोब खरा ठरतो. आपल्या मुंबई हायमध्ये, मुंबईपासून साधारण १६० किलोमीटर आत, ओएनजीसीने १९७६ पासून तेल काढायला सुरुवात केली. तिथल्या पोलादी पायांचा आणि ॲनोडचा अनुभव जवळपास पन्नास वर्षांचा आहे. पण मोनोपाइल ही वेल्डिंगने बंद केलेली नळी नाही. तिच्यातून वीज बाहेर काढायची असते, म्हणजे केबलसाठी भिंतीत भोक पाडावंच लागतं.

२००९-१० च्या सुमारास युरोपात दुसराच घोळ उघडकीला आला. मोनोपाइल आणि वरचा पिवळा तुकडा यांच्यामध्ये ग्राउट नावाचं सिमेंटसारखं मिश्रण भरलेलं असतं. ते पकड सोडत होतं आणि वरचा तुकडा खाली सरकत होता. नेदरलँड्सच्या एग्मंड आन झे इथे हे आधी लक्षात आलं, मग शेकडो पवनचक्क्या तपासायची वेळ आली. आत उतरून बघणं वाढलं, आणि त्याच काळात आतल्या गंजाची मोजमापंही पुढे येऊ लागली. डबा हवाबंद नव्हताच. केबलच्या भोकाची सीलं गळत होती. भरतीला ताजं, ऑक्सिजनवालं पाणी आत येत होतं, ओहोटीला बाहेर जात होतं. पाणी उतरलं की डेकच्या झाकणाच्या फटींतून हवा आत ओढली जात होती. दिवसातून दोनदा अख्खा पाया श्वास घेत होता.

शिवाय जिथे ऑक्सिजन खरंच संपतो, तिथे वेगळे पाहुणे येतात. चिखलातले काही जिवाणू ऑक्सिजनशिवाय जगतात, समुद्रातल्या सल्फेटवर गुजराण करतात आणि कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो पोलादालाही खातो आणि आत उतरणाऱ्या माणसालाही घातक असतो. म्हणून आज कुणी आत उतरण्याआधी वायू मोजण्याचं यंत्र खाली सोडतात.

मग ठरलं, आतही ॲल्युमिनियमचे ॲनोड सोडू. बाहेर चालतात ना? आणि इथे मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात भारी धडा सापडला. ॲल्युमिनियम पाण्यात विरघळलं की त्याचा पाण्याशी संयोग होऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड बनतं आणि आम्ल सुटतं. उघड्या समुद्रात हे आम्ल कुठल्या कुठे पातळ होऊन जातं. पण बंद नळीतल्या हजार-दीड हजार घनमीटर पाण्याला जायला जागाच नाही. समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८ असतो. काही पायांच्या आत तो ५ च्या आसपास आणि त्याहूनही खाली गेला. पाणी आम्लधर्मी झालं की पोलादाला जास्त करंट लागतो, म्हणून ॲनोड जास्त विरघळतो, म्हणून आम्ल आणखी वाढतं. वर हायड्रोजन वायू तयार होतो, आणि बंद जागेत हायड्रोजन साठणं म्हणजे स्फोटाचा धोका.

तर मग आताचा उपाय काय असेल? नळीला मुद्दाम भोकं पाडायची! नव्या अनेक डिझाइनमध्ये समुद्राचं पाणी खेळतं राहावं म्हणून भिंतीत जागा ठेवतात. आधी "डबा घट्ट बंद करा", मग "डबा धड उघडा करा", आणि मधली अर्धवट बंद अवस्था सगळ्यात वाईट. काही ठिकाणी आतून रंग देतात, काही ठिकाणी आत विजेवर चालणारे ॲनोड बसवतात. डीएनव्हीने २०१६ मध्ये पवनचक्क्यांच्या गंजरोधनासाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. समुद्री पवनचक्क्यांच्या या विद्युत-संरक्षणासाठीचं स्वतंत्र आयएसओ मानक तर २०२२ मध्ये आलं. विंडेबीनंतर एकतीस वर्षांनी.

असं पहिल्यांदा झालेलं नाही

१८२४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञापुढे नौदलाने एक तक्रार ठेवली होती. लाकडी जहाजांच्या बुडाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि ते समुद्रात झिजत. डेव्हीने पत्र्यांना जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून बघितले. तांब्याची झीज थांबली. मामाच्या बोटीवरच्या ठोकळ्याचा हा पणजोबा. पण थोड्याच काळात बुडावर शेवाळ आणि शिंपले यांचा जाड थर चढायला लागला आणि जहाजं मंदावली. तांबं थोडं थोडं विरघळत होतं म्हणूनच ते विषारी होतं, आणि म्हणूनच जीव चिकटत नव्हते. तांबं वाचलं आणि जहाज हळू झालं. नौदलाने तो प्रयोग गुंडाळला.

आज हाच प्रश्न वेगळ्या रूपात आलाय. शंभर बिनरंगी पाये, प्रत्येकी सात टन, म्हणजे पंचवीस वर्षांत सातशे टन धातूचा बराचसा भाग समुद्रात जाणार. जर्मनीत समुद्रविषयक सरकारी संस्था बीएसएच आणि हेरेऑन संशोधन केंद्र यांनी पवनचक्क्यांभोवतीच्या पाण्यात आणि गाळात हे धातू शोधले. घाबरून जावं असं काही समोर आलेलं नाही, पण मोजत राहा असंच संशोधक म्हणतात. कारण पवनचक्क्यांची संख्या वाढतेच आहे. विजेवर चालणाऱ्या ॲनोडांकडे कल वाढण्यामागे हेही एक कारण आहे. मला हे मोजमाप सरकारी संस्था करते, प्रकल्पवाली कंपनी नाही, हे जास्त महत्त्वाचं वाटतं.

खंबातच्या आखातात काय होईल

गुजरातच्या प्रकल्पाची जागा खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावाव बंदरासमोर आहे. २०१७ मध्ये तिथे साधारण २३ किलोमीटर आत वारा मोजण्याचं लायडार यंत्र बसवलं होतं. वाऱ्याचं गणित झालं. पाण्याचं गणित जास्त अवघड आहे.

हे आखात भरती-ओहोटीच्या जोरासाठी प्रसिद्ध आहे. आतमध्ये भावनगरजवळ भरती आणि ओहोटीच्या पातळीतला फरक मोठ्या उधाणाला १० मीटरच्या आसपास जातो. पिपावावकडे तो बराच कमी आहे, पण प्रवाह जोरदार आणि पाणी गाळाने भरलेलं. याचा परिणाम काय? संरक्षित पोलादावर समुद्रातल्या क्षारांची पांढरी साय धरते, गीझरच्या कॉइलवर धरते तशीच, आणि तिच्यामुळे करंटची गरज घटते. वरच्या हिशोबातले ७० मिलिअँपिअर ही साय धरलेली आहे असं मानून आहेत. गाळ घेऊन धावणारं पाणी ती साय घासून काढत राहिलं, तर उत्तर समुद्रातले आकडे इथे उचलून लावता येणार नाहीत. हा माझा अंदाज आहे. पण तिथे वर्षभर पोलादाच्या पट्ट्या बुडवून ठेवून तो तपासता येतो, आणि पवनचक्कीच्या मानाने त्याला खर्च नगण्य.

दुसरी अडचण वेळेची. विजेवर चालणाऱ्या ॲनोडला वीज लागते. पाया ठोकला जातो आधी, वीज येते नंतर. युरोपातही मधले काही महिने पोलाद उघडं पडू नये म्हणून तात्पुरते ॲनोड लावावे लागतात. आपल्या योजनेत पवनचक्क्या खासगी कंपनी उभारणार आणि त्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी यंत्रणा पॉवर ग्रिड उभारणार. दोघांची वेळ जुळली नाही तर? आपल्याकडे फ्लायओव्हर तयार आणि जोडरस्ता नाही, हे दृश्य सगळ्यांनी पाहिलंय. इथे मधल्या प्रत्येक पावसाळ्यात पाया गंजत असेल आणि तो कोणाच्या खात्यावर टाकायचा, हे करारात लिहिलेलं हवं.

ज्ञान आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. मुंबई हायचा अनुभव आहे. नौदलाच्या जहाजांच्या गंजावर काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा अंबरनाथला आहे. तमिळनाडूत कराईकुडीला केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आहे आणि समुद्राच्या पाण्यात धातू तपासण्यासाठी तिची मंडपम आणि तुतिकोरिनला केंद्रं आहेत, म्हणजे प्रस्तावित पवनचक्क्यांच्या अगदी शेजारी. फक्त तेल प्लॅटफॉर्मचा नियम पवनचक्कीला जसाच्या तसा लावू नये. तो मोह युरोपाला नडला.

आणि तिसरी अडचण मामाने दाखवली. मी त्याला हे सगळं सांगत होते, तर तो पहिलाच प्रश्न विचारता झाला: "तिथे खाली बघणार कोण?" त्याचं म्हणणं, खंबातच्या बाजूला पाणी असं गढूळ की हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. बरोबरच आहे. युरोपात पाणबुडे किंवा कॅमेऱ्याचे रोबो खाली जाऊन ॲनोड किती उरलाय ते बघतात. गढूळ पाण्यात कॅमेऱ्याचा उपयोग कमी, आणि प्रवाह थांबतो तेवढाच थोडा वेळ काम करता येतं. तिथे मग डोळ्यांवर अवलंबून राहता येत नाही. पाया ठोकण्याआधीच त्यावर व्होल्टेज मोजणारे इलेक्ट्रोड कायमचे बसवावे लागतील, बाहेर आणि आतही, आणि पीएचचा सेन्सर आत. त्यांचे आकडे किनाऱ्यावर येत राहतील. सरकारी पैसा जातोय तर ते आकडे कंपनीच्या सर्व्हरमध्ये न राहता लोकांना बघायला मिळावेत, ही माझी मागणी. हवेच्या प्रदूषणाचा आकडा आपण फोनवर बघतोच की.

मामाने त्या दुपारी नवा ठोकळा बसवला. बसवण्याआधी सुकाणूवर जिथे तो टेकतो तिथला सगळा रंग सँडपेपरने खरवडून काढला. म्हटलं, "रंग का काढतोस? तिथेच गंजेल ना." तो म्हणाला, "धातूला धातू लागला नाही तर ते नुसतं वजन." मग बोल्ट आवळला, जुना ठोकळा तळहातावर तोलून बघितला आणि भंगाराच्या पोत्यात टाकला.